विसाव्यावर ठेवलेला माणूस

ही गोष्ट खरी आहे हे पटवायला माझ्याकडे काहीच नाही. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. माझी आई आहे. मी हे लिहितेय तेव्हा ती आतल्या खोलीत झोपलेली आहे.

आणि रात्र वगैरे नव्हती. इथे भुताच्या गोष्टीला सगळ्यांना अमावस्या लागते, म्हणून आधीच सांगते. गेल्या श्रावणातली दुपार होती.

माझं माहेर वेल्ह्याच्या वर, डोंगरात. धनगरवस्ती. मोजकी घरं आणि घरांपेक्षा जास्त म्हशी. लाईट आहे. एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की मोबाईलला रेंज येते. रस्ता मात्र नाही.

रस्ता नाही, म्हणून आजारी माणूस झोळीतून खाली उतरवतात. लांब वाशाला घोंगडी बांधायची, आत माणूस निजवायचा, दोघं पुढे, दोघं मागे. पाऊस लागू नये म्हणून वरून दुसरी घोंगडी टाकलेली असते. त्यामुळे खांदेकऱ्यांना आतलं माणूस दिसत नाही.

म्हणून घरचं कुणीतरी उशाशी चालतं आणि सतत हाक मारत राहतं. आतल्याने फक्त ‘हूं’ म्हणायचं.

‘हूं’ आलं की पाय उचलायचे.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. झोळी वाटेत टेकवायची नाही. कितीही दमलं तरी खांदा बदलायचा तो चालता चालता. कारण निम्म्या वाटेत एक सपाट खडक आहे, तो विसाव्याचा. मयत खाली नेताना तिरडी तिथे टेकवतात. त्या खडकावर ठेवायचं ते मेलेलं माणूस. जितं कधीच नाही.

माझी आई, भामाबाई, त्या वाटेने कधीच उतरायची नाही. वेल्ह्याच्या बाजाराला जायचं तरी घळीतून लांबचा वळसा घेऊन जायची. मी विचारलं की म्हणायची, "तितं पाय घसरतो माजा."

मला खरंच तेवढंच वाटायचं.

मी लग्न होऊन किकवीला असते. त्या श्रावणात आईला चार दिवस घेऊन यावं म्हणून वर गेले होते. दुसऱ्याच दिवशी म्हशीची धार काढता काढता ती गोठ्यात कलंडली. अर्धं अंग गेलं होतं. तोंड वाकडं झालेलं. बोलायला जायची तर एकच आवाज निघायचा.

‘हूं.’

चुलतभाऊ सोमेश्वर दगडावर जाऊन गाडीला फोन करून आला. झोळी बांधली. सोमेश्वर आणि भावकीतले तिघं खांद्याला लागले. माझे थोरले चुलते, गेनबाआप्पा, आता थकलेत. ते कोयता घेऊन पुढे निघाले.

निघताना ते म्हणाले, "घळीनं जाऊ."

"घळीत कमरंइतकं पाणी हाय, आप्पा," सोमेश्वर म्हणाला. "कसं जायचं?"

 आप्पा नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला राग आला होता, इथे आईचा जीव चाललाय आणि यांना वाटा सुचतायत.

आम्ही निघालो.

धुकं इतकं की पुढचे आप्पा दिसत नव्हते. फक्त त्यांच्या कोयत्याचा झुडपांवर आवाज येत होता.

"आई..."

"हूं."

"आई, आलंच हं..."

"हूं."

बारीक आवाज. पण येत होता.

खडकापाशी आलो तेव्हा कोयत्याचा आवाज थांबला. पाऊसही थांबला होता. म्हणजे अंगावर पडत होता, पण ऐकू येत नव्हता. हे कसं सांगू मला कळत नाही.

"आई..."

"हूं."

आणि मग... बाजूने... खडकाकडून...

कुणीतरी घसा खाकरला. आणि म्हणालं, "हूं."

मी वळून पाहिलं. ओला खडक. बाकी काही नाही.

त्याच वेळी सोमेश्वरचा पाय घसरला. वासा कलला. झोळी खाली आली आणि घोंगडीचं बूड त्या खडकाला टेकलं. क्षणभरच.

"उचला," आप्पा ओरडले. "उचला आदी."

चौघांनी झोळी उचलली. पण आता त्यांना ती पेलवेना. वासा वाकला होता. मागचा एक जण कुजबुजला, "आरं, ह्ये वजन कशाचं?"

माझी आई वाळून काटकी झालेली. मी एकटी तिला कडेवर घेऊ शकले असते.

"आई..."

काही नाही.

"आई, बोल की गं..."

काही नाही.

 आणि मग झोळीतून आवाज आला. आधी घसा खाकरला.

"हूं."

मी रडत रडत हसले. आई आहे. पुढच्या वळणावर मी तोंड उघडायच्या आधीच आतून पुन्हा... "हूं."

मग खाली रस्ता लागेपर्यंत मी हाक मारायच्या आधीच ‘हूं’ येत राहिलं.

रस्त्यावर आप्पा मागे वळून उभे राहिले होते. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

आई वाचली. मेंदूत गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलणं जातं आणि एखादाच शब्द राहतो. तिच्याशी बोलत राहा, हाक मारत राहा. मीही तेच धरून बसले. आईला किकवीला आणलं.

पण खाकरणं?

माझी आई आयुष्यात कधी तशी खाकरली नव्हती. तसं खाकरणारं एकच माणूस मला आठवत होतं. माझे वडील. मी सातेक वर्षांची असताना ते गेले. दारू पिऊन कड्यावरून पडले आणि झोळीतून नेताना वाटेतच संपले, एवढंच मला सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचं कधी वाईट वाटलं नाही. माझा डावा हात आजही सरळ होत नाही. तो त्यांनीच मोडला होता.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक ‘हूं’नंतर आईचा धड हात तोंडावर जायचा. घट्ट दाबून धरायची. डोळ्यांतून पाणी.

एकदा मला कामावरून यायला उशीर झाला. माझे यजमान सिद्धनाथ शेतावर होते. दिवसभर आईला कुणी हाक मारली नव्हती. मी आले तेव्हा तिचा श्वास चालेनासा झाला होता. ओठ निळे. मी घाबरून ओरडले, "आई..." आत काहीतरी खाकरलं. "हूं." आणि श्वास परत चालू झाला.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले.

दसऱ्यानंतर गेनबाआप्पा एसटीने आले. आईच्या उशाशी बसले. बराच वेळ. आतून दोन-तीनदा ‘हूं’ आलं. बाहेर येऊन ओट्यावर टेकले आणि चहाला नको म्हणाले.

"सावळ्याच हाय त्यो," ते म्हणाले.

सावळा. माझ्या वडिलांचं नाव.

मग त्यांनी सांगितलं. वडिलांची झोळी खांद्यावर घेणाऱ्या चौघांत ते होते. उशाशी आई चालत होती. हाक मारत होती. खडकाच्या अलीकडे तिची हाक बंद झाली. आप्पांनी विचारलं, "बोलतोय का?" आई म्हणाली, "न्हाई."

"आमी समजलो, संपला. म्हून खडकावर ठिवला. मयत ठेवत्यात तसा." आप्पा टोपीशी चाळा करत होते. "आन मंग त्यो खाकरला. हूं म्हनला."

"आईने ऐकलं?"

"समद्यांनी ऐकलं."

"मग?"

"उठाया पायजे हुतं, पोरी. उचलाया पायजे हुतं. एक जन बोलला, हितं ठिवलेलं मानूस जितं उचलत न्हाईत. कोन बोलला त्ये आता ध्येनात न्हाई. म्याच आसंन." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "आमी तमाकू मळत बसलो. त्यो हूं, हूं करत हुता. शेवटाला तुज्या आईला म्हनला, भामे... हाक मार की. ती डोंगराकडं त्वांड करून बसली व्हती. तुजा हात त्याच सकाळी मोडला हुता त्येनं."

माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही मारलंत त्यांना."

"आमी अंगाला हात बी लावला न्हाई."

"मी तेच म्हणतेय, आप्पा."

त्यांनी टोपी उचलून डोक्यावर चढवली.

मला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या माणसाला उचलून नेलं असतं आणि तो वाचला असता, तर मी आज नसते, हे मला पक्कं माहीत आहे. तरीही तो तिथे पावसात ‘हूं’ म्हणत पडलाय आणि चार माणसं तंबाखू मळतायत, हे डोळ्यांपुढून हलत नाही. त्याने मरायला हवं होतं असं मी कितीदा म्हटलंय. पण असं?

जाताना एसटीच्या थांब्यावर आप्पा म्हणाले, "हाक बंद कर. हाक मारलीस का त्यो हाय. न्हाई मारलीस का जाईल."

"आणि आई?"

"ती बी सुटंल."

"सुटेल म्हणजे?"

एसटी आली. आप्पा चढले.

मी हाक बंद केली नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ मारतच राहिले. तिचा हात तोंडावर जाताना बघत राहिले. ती डोळ्यांनी मला काहीतरी विनवत असते. काय, ते कळत नाही. हाक मार म्हणते, की नको मारू म्हणते?

काल मी ठरवून गप्प राहिले. सिद्धनाथ घरी नव्हते. मी ओट्यावर बसले. आतून ‘हूं’ आलं. मग परत. परत. मी पदर तोंडात धरला होता. हळूहळू आवाज लांब लांब होत गेला आणि थांबला. श्वासाची घरघर तेवढी येत होती.

आणि मग इतक्या महिन्यांनी... आईचाच आवाज. स्वच्छ. आजारपणाआधीचा.

"आरते... हाक मार की गं..."

मी धावत गेले. "आई," म्हटलं. तिचे डोळे मिटलेले होते. आधी घसा खाकरला, मग ‘हूं’ आलं.

ते शब्द आईने स्वतःसाठी म्हटले, की तिच्या तोंडून त्यानेच परत म्हटले, ते मला अजून कळलेलं नाही. रात्रभर झोप नाही. कुणाला तरी सांगावं म्हणून आज दुपारपासून हे लिहीत बसलेय.

आता बाहेर अंधारून आलंय. लिहिण्याच्या नादात आईला हाक मारायची राहूनच गेली.

मघापर्यंत आतून आवाज येत होता. आता येत नाही.

उठायला पाहिजे.