तीनदा विसळून

समुद्राच्या पाण्यात मीठ किती, हे तिला तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सांगता यायचं. नवऱ्याच्या मनात काय चाललंय, याचा मात्र कधी पत्ता लागायचा नाही. तो बोटीवरून पाणी आणायचा, ती प्रयोगशाळेत मापायची. "मी खारट, तू चोखंदळ," असं तो चिडवायचा.

मापण्याआधी बाटल्या रात्रभर खोलीत ठेवाव्या लागत, म्हणजे सगळं पाणी खोलीइतकंच गार होई. त्या दुपारी एकच बाटली तशी झाली नव्हती. ती कोमट होती, नुकतीच कुणी काखेतून काढून दिल्यासारखी.

"ही उन्हात ठेवली होतीस का?"

"सगळ्यात खोलातलं पाणी आहे ते," मागे स्टुलावर बसलेला नवरा म्हणाला. "दोर अडकला होता. मी पाण्यात हात घातला, तेव्हा कुठे सुटला. खालून कुणीतरी ओढतंय म्हण ना!"

नियमाप्रमाणे तिने यंत्राची नळी त्याच पाण्याने तीनदा विसळली, ते पाणी बेसिनमध्ये सोडलं आणि आकडा पाहिला. हजारात पस्तीस भाग मीठ हवं होतं. नऊ आलं.

"बाटली विसळली नव्हतीस तू. नळाचं पाणी राहिलंय आत."

"विसळली गं बाई. तीनदा."

तिचं डोकं फिरलं. बोटीवर याने हयगय करायची आणि इथे आपण निस्तरत बसायचं! पुन्हा तीनदा विसळलं, पुन्हा ओतून दिलं. नऊच.

"प्यायला दे ना जरा," तो म्हणाला. तिने मागे न बघताच तांब्या सरकवला आणि आणखी तीनदा विसळलं.

नऊ.

हा आकडा तिने पाहिला होता. त्याच्या तापात उशाशी टांगलेल्या सलाईनच्या बाटलीवर. शंभरात शून्य पूर्णांक नऊ, म्हणजे हजारात नऊच; माणसाच्या रक्ताला चालेल इतकं मीठ.

ती वळली.

तांब्या रिकामा होता. नवरा भिंतीला टेकून बसला होता, ओठ पांढरेफटक. तिने हात धरला. बर्फासारखा गार.

"किती उरलंय?" त्याने विचारलं.

"काय?"

तो बाटलीकडे बघत होता.

तळाशी चार बोटं पाणी होतं. तिने बाटली छातीशी धरली. काचेआडून ठोके लागत होते. तिचे स्वतःचे नव्हते. ते फार सावकाश होते.

तिने झाकण घट्ट फिरवलं. सैल राहिलं तर पाणी उडून जातं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"जरा सैल कर ना," तो म्हणाला. "श्वास कोंडतोय."