वास घेऊन बघा!

त्यानं माझ्या साबणाची वडी उचलली, उलटसुलट केली, नाकाशी नेली... आणि परत दुकानाच्या फळीवर ठेवून दिली.

मी फळीच्या पलीकडेच नवा माल लावत उभी होते. राहवेना.

“परत का ठेवलीत?”

तो दचकला. उंच, जरासा वाकून उभा राहणारा, शर्टाच्या बाहीवर निळ्या शाईचा डाग.

“वास फार सुंदर आहे हो. पण हा कागद — उवा मारायचं औषध वाटतं.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“तुम्हीच. आत्ता.”

मला हसू आलं, आणि आलं म्हणून जास्तच राग आला. तेवढ्यात एक बाई आल्या. सोनेरी खोक्यावर गुलाबी फुलं छापलेला साबण उचलला, टोपलीत टाकला नि गेल्या. वास नाही, काही नाही. तो साबण मी वापरला होता. अंग धुवायला कमी, भांडी घासायला जास्त बरा.

“लोक इतके मूर्ख असतात?” मी पुटपुटले.

“मूर्ख नाही, घाईत असतात,” तो म्हणाला. “घाईत माणूस डोळ्यांनी निवडतो. मी छापखान्यात खोक्यांची चित्रं काढतो, त्यावरच तर पोट चालतं.”

“म्हणजे लोकांना फसवायचं काम करता!”

“चांगला माल मिळेपर्यंत... हो, कधीकधी.” आणि असा काही बघत राहिला, की मी रिकामी पेटी उचलली आणि तिथून सटकले.

दोन दिवसांनी, साबणाच्या कागदावरचा पत्ता शोधत, हे महाशय आमच्या दारात. साबण आमच्या घरामागच्या खोलीत व्हायचा. मी आणि आत्या तेल तापवायचो, संत्र्याच्या साली वाळवायचो, साचे भरायचो. दादा बाहेरची विक्री बघायचा. दादानं त्याला हौसेनं आत घेतलं. मी मात्र त्याला नळापाशी उभं केलं.

“आधी हात धुवा. मग बोला.”

तो निमूटपणे हात धूत राहिला... धूतच राहिला. आत्या माझ्या कानात म्हणाली, “अगं, या माणसाची कातडी निघेल. बास म्हण की त्याला.”

त्यानं करून आणलेला खोका गडद निळा होता. ना फुलं, ना सोनं. एका बाजूला फक्त गोल भोक, त्यातून आतली वडी दिसायची आणि वासही यायचा.

“झाकण्यासाठी केलेले खोके पुष्कळ झाले,” तो म्हणाला. “हा दाखवण्यासाठी.”

“कुणाला दाखवण्यासाठी?”

“गिऱ्हाइकाला.” मग हळूच, “आणि... तुम्हालाही.”

साबण हातोहात खपायला लागला. तो काही ना काही निमित्त काढून यायचा. कधी रंग फिका आलाय म्हणून, कधी घडी नीट बसत नाही म्हणून. आत्या मुद्दाम बाहेर जायची आणि जाताना दार सताड उघडं ठेवायची. आम्ही तासन्‌तास भांडायचो. त्याच्याशी भांडण्यासारखं सुख नव्हतं.

आणि मग एके दिवशी दादा म्हणाला, “आता तुम्ही दोघी जरा आराम करा. माल पुरेसा आहे.”

माल? आम्ही तर आठवडाभर साचेच भरले नव्हते!

मी थेट बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. दारातच आमच्या निळ्या खोक्यांचा उंच ढीग. एक हातात घेतला — भोक नव्हतं. फोडला. आत गुळगुळीत, कुठल्याशा कारखान्यातली वडी, डोकं उठेल असा उग्र वास.

तशीच त्याच्या छापखान्यात गेले. “भोक कुणी बुजवलं?”

तो चित्र काढायचा थांबला. “तुमच्या दादांनी सांगितलं, धूळ जाते म्हणून. मला वाटलं, तुम्हीच—”

“मला विचारलंत?”

“नाही.” त्याचा चेहरा उतरला. “चुकलं माझं. विचारायला हवं होतं.”

मी त्याला तिथंच सोडून घरी आले. दादा जेवत होता.

“लोक खोका विकत घेतात,” तो शांतपणे म्हणाला. “आत काय आहे, कोण बघतं? घर चालायला नको?”

“माझ्या नावावर लोकांच्या अंगाला काहीही चोळायचं? नाही चालणार.”

“काय करणार आहेस तू?”

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत मी त्या ढिगापाशी जाऊन उभी राहिले आणि खोके फोडायला लागले. एक, दुसरा, तिसरा. “वास घेऊन बघा! हा माझा साबण नाही. माझा हा —” पिशवीतल्या आमच्या वड्या मी हातोहाती दिल्या. लोक थबकले. कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं. मॅनेजर धावत आला. त्याच्या मागे दादा.

“घराची अब्रू चव्हाट्यावर आणतेस?”

“ती खोक्यात कोंबून तू आणलीस, दादा!” माझे हात थांबले नाहीत.

गर्दीतून एक उंच, वाकलेली आकृती पुढे आली. त्यानं खोका उचलला — स्वतः काढलेला, लाडका — आणि टर्रकन फाडला. मग दुसरा.

“अहो, हे तुमचंच काम ना?” मॅनेजर ओरडला.

“म्हणूनच फाडतोय.”

आम्हाला दोघांनाही बाहेर काढलं. दुकानानं तो माल त्याच दिवशी काढून टाकला. दादा मला मागे टाकून पुढे गेला, मग वळला. “सगळं त्या चित्रं काढणाऱ्याच्या नादानं. आजपासून त्याचं घरात येणं बंद.”

मी रस्त्याच्या मधोमध थांबले.

“त्याच्या नादानं नाही, माझ्या अकलेनं. आणि तो येणार. मला आवडतो तो.”

दादा पाय आपटत निघून गेला. आणि तो? एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस नुसता उभा.

“बोला की काहीतरी,” मी म्हणाले.

“माझी... माझी नोकरी बहुतेक गेली,” तो म्हणाला.

“मी ते विचारलं का?”

“नाही.” त्यानं मान वर केली. “तुम्ही मला परत रागवाल?”

“रोज.”

“भांडाल?”

“उगाच चौकशा नकोत. मी आवडते — हो की नाही?”

“हो,” तो म्हणाला. मग बाजारातली सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं, “हो!”

“हळू... लोक बघतायत.”

“बघू देत,” तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच ‘तुम्ही’ सोडून — “तू चल, साचे भरायचेत.”