कॉशसची एकेचाळीस कार्डं

कार्डबाई आल्या तेव्हा दादा खिडकीशी उसवलेला पडदा शिवत बसला होता. शिंपीकाम सोडून चार वर्षं झाली, पण हातांना कोण समजावणार? त्याची धाकटी बहीण टेबलामागे पेपर वाचत होती. तिला अख्खी गल्ली ताई म्हणायची, आणि लोकांची कोडी सोडवणं हा तिचा धंदा होता.

"बावीस वर्षं मी शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं सांभाळते," कार्डबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "आज उपसंपादक मला चोर म्हणाले. पाचपर्यंत कार्डं हजर करा, नाहीतर राजीनामा द्या म्हणाले."

"आधी बसा. कसली कार्डं?"

इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ देणारा मोठा कोश तयार झाला होता. शब्द कुठे, कसा वापरला गेला त्याचं एकेक वाक्य एकेका कार्डावर. उद्या छपाई, आणि आज सकाळी 'कॉशस' या शब्दाची एकेचाळीस कार्डं कप्प्यातून गायब!

"कॉशस म्हणजे सावध ना?" दादाने विचारलं.

"त्यावरूनच तर काल भांडण झालं. उपसंपादकांनी अर्थ लिहिला, 'भित्रा'. मी म्हटलं, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणारा भित्रा असतो का? बघतो आणि ओलांडतो की! तर म्हणतात, तुम्ही कार्डं सांभाळा, अर्थ आम्ही सांभाळतो. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा अर्थ छापलात तर कार्डं जाळीन सगळी."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

दादाने कपाळावर हात मारला. बाईंनी स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. ताई मात्र चपला शोधायला लागली होती.

कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतभर लाकडी कप्पे. बाईंनी 'कॉशस'चा कप्पा ओढला. कार्डं गेली होती तिथे एक पिवळी चिठ्ठी उभी होती, दोन्ही बाजूंनी कोरी.

"इथला नियम आहे," बाई म्हणाल्या. "कार्ड काढलं की जागेवर चिठ्ठी ठेवायची, नाव लिहून. चिठ्ठ्या माझ्या टेबलावर असतात. सकाळी आल्या आल्या मी दिवसभराच्या चिठ्ठ्यांवर तारखेचा शिक्का मारते. उरल्या तर संध्याकाळी फाडते."

उपसंपादक लगबगीने आले. माणूस बसलेलाही घाईत वाटावा असा.

"किल्ल्या तिघांकडे," ते म्हणाले. "बाई, मी आणि अण्णा. अण्णा मुख्य संपादक, ते स्वतःच्याच पुस्तकात चोरी करतील? उरलो आम्ही दोघं. आणि कार्डं जाळीन असं मी नव्हतो म्हणालो."

"तुम्ही कार्ड काढलं की चिठ्ठी ठेवता?" ताईने विचारलं.

"आता यांच्या टेबलावर अकरा कार्डं आहेत," बाई मध्येच म्हणाल्या. "एकाचीही चिठ्ठी नाही."

"कामाच्या रगाड्यात कोण चिठ्ठ्या लिहीत बसतं! मला पुस्तक उद्या छापून हवंय. मसुदा माझ्याकडे आहे, कार्डांवाचूनही छापता येईल. पण अण्णा ऐकतील तर ना."

बाहेर आल्यावर दादा कुजबुजला, "हाच तो. कार्डं नाहीशी झाली की याच्या अर्थाला आव्हान नाही."

"दादा, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. शिंपी आहेस म्हणून काय झालं?"

शेजारच्या छोट्या खोलीत अण्णांनी उठून नमस्कार केला. पांढरेशुभ्र केस, मायाळू डोळे. टेबलावर भिंग, दौत, टाचण्यांची डबी आणि पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, सगळं एका रेषेत. चहा आला तो गार असूनही ते फुंकून प्यायले. दादाला गंमत वाटली.

"अठ्ठावीस वर्षं खपलोय या कोशासाठी," अण्णा म्हणाले. "कार्डं सापडल्याशिवाय छपाई नाही. एक चूक छापली गेली की ती हजार घरांत जाते."

"छपाई याआधी कधी पुढे ढकलली होती?"

"तीनदा. एकदा कागद पसंत पडला नाही. एकदा अक्षर बारीक वाटलं. एकदा... सगळं पुन्हा एकदा तपासावंसं वाटलं."

"आज शोधाशोध कोणी केली?"

"पुढचे कप्पे त्या दोघांनी पाहिले. शेवटचे चाळीस मी पाहिले."

"एकट्याने?"

"एकट्याने."

"बाईंनी चोरी केली असं तुम्हाला वाटतं?"

"मी तसं म्हटलेलं नाही." अण्णांनी भिंग उचलून पुन्हा होतं तिथेच ठेवलं.

"चोरी केली नाही, असंही म्हटलेलं नाही," ताई शांतपणे म्हणाली.

पावणेपाचला ताईने सगळ्यांना कप्प्यांपाशी बोलावलं. बाईंच्या हातात राजीनाम्याचा कागद होता. दादाला तो बघवेना.

"आधी बाईंचं बघू," ताई म्हणाली. "भांडण अर्थाचं होतं. आपलंच खरं हे बाईंना कशाने दाखवता आलं असतं? त्या एकेचाळीस कार्डांनी. आपलेच साक्षीदार कोण पळवतं? रागाच्या भरात माणूस जाळीन म्हणतो. पण जाळणारा आधी सांगत नाही."

उपसंपादक काही बोलणार, तोच ती त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला छपाई हवी होती. कार्डं हरवल्यामुळे ती अडली. शिवाय ज्याने आयुष्यात चिठ्ठी ठेवली नाही, तो चोरी करताना ठेवेल?"

"मग ठेवली कोणी?" दादाला राहवलं नाही.

"ज्याला चिठ्ठीवाचून कार्ड काढताच येत नाही त्याने. हात सवयीने चिठ्ठी ठेवून गेला. नाव मात्र लिहवेना, आणि खोटं लिहिण्याचा स्वभाव नाही. बाईंच्या टेबलावरच्या प्रत्येक चिठ्ठीवर तारीख असते, हिच्यावर नाही. म्हणजे ती दुसऱ्या गठ्ठ्यातली. आज मी तसा गठ्ठा एकाच टेबलावर पाहिला."

कोणीच अण्णांकडे बघितलं नाही. अण्णाच स्वतः पुढे आले, शेवटच्या रांगेतला शेवटचा कप्पा त्यांनी ओढला. मागच्या बाजूला एकेचाळीस कार्डं फितीने बांधून नीट उभी होती.

"काखेत कळसा!" दादा पुटपुटला.

"कार्डं इमारतीबाहेर न्यायची नाहीत, हा नियमही माझाच," अण्णा ओशाळून म्हणाले. "मला दोनच दिवस हवे होते. मग वाटलं असतं, आणखी दोन. छापलं आणि चुका निघाल्या तर? बाईंवर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. आला तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. बाई, चोर मी आहे. सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज करडाच राहिला. "अण्णा, सकाळपासून पाणी उतरलं नाही माझ्या घशाखाली."

"माहीत आहे. मी बघत होतो. तेच जास्त वाईट."

उपसंपादकांनी गुपचूप फीत सोडून कार्डं वाचायला घेतली. पाचव्या-सहाव्या कार्डाशी थांबले. "'कॉशस चालक उशिरा पोचला, पण पोचला.'" त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मसुद्यातल्या 'भित्रा'वर आडवी रेघ मारली. "बाई, तुमचा शब्द सांगा."

"सावध. जपून पाऊल टाकणारा."

"टाकणारा," अण्णा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी छापखान्याला फोन लावला. "उद्या नको, आत्ताच सुरू करा."

पलीकडच्याने काहीतरी विचारलं. अण्णांनी एकदा भिंतभर कप्प्यांकडे पाहिलं.

"हो, राहिल्या असतील चुका," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या आवृत्तीत काढू. बाई आहेत ना इथे."

बाईंनी राजीनाम्याचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि उपसंपादकांपुढे हात पसरला.

"ती अकरा कार्डं द्या आधी."