किटलीच्या टोपीतली ऊब

आमच्या नात्यागोत्यात असं एकही घर नाही, जिथे आईने शिवलेली पिशवी नाही. लग्न झालं, पिशवी. नोकरी लागली, पिशवी. नोकरी गेली, जरा मोठी पिशवी. दोन कापडांमध्ये कापसाचा थर, त्यावर मशीनने मारलेल्या तिरक्या चौकटी, आत फुलाफुलांचं अस्तर. शिवाय किटलीला घालायच्या टोप्या, डब्यांची कव्हरं, सोफ्याच्या उशा. हे सगळं भेट द्यायचं, विकायचं एकही नाही. "विकलं की लोक खोट काढतात," आई म्हणते. "फुकट दिलं की मुकाट वापरतात."

मी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा वाटेन. माझा विश्वास गॅसच्या गळतीवर आणि जळलेल्या कॉम्प्रेसरवर आहे. "कालपर्यंत छान चालत होता" या गिऱ्हाइकाच्या वाक्यावरसुद्धा तो नाही.

आईचं मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आहे. तिथे नुसतं बसलं तरी कपड्यांना कापूस चिकटतो, आणि कामावर लोक विचारतात, घरी मेंढी पाळलीय का. आईची शिवायची रीत अशी: वस्तू आधी उलटी शिवायची, एका बाजूला हात जाईल एवढी फट ठेवायची आणि त्या फटीतून सगळं ओढून सुलटं करायचं. मग हात आत घालून कोपरे बाहेर काढायचे. एवढं कुठलाही शिंपी करतो. पण कोपरे निघाले तरी आई हात लगेच बाहेर काढत नाही. घरट्यात ठेवावा तसा तो आत ठेवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. मग फट हातानेच टाके घालून बंद.

"आत काय करतेस एवढा वेळ?" मी एकदा विचारलं होतं.

"हात फिरवते. नाहीतर वस्तू परकी वाटते."

पहिली तक्रार मामीची आली. फोनवर ती आधी माझी तब्येत विचारते, तेव्हा फ्रिज बिघडलेला असतो. या वेळी फ्रिज ठणठणीत होता.

"तुझ्या आईने दिलेली किटलीची टोपी आहे ना, त्यात ती काय भरते रे?"

"कापूस."

"सकाळचा चहा होता उरलेला. तुझ्या मामांनी संध्याकाळी तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली. बोलता येत नाही त्यांना." मग जरा थांबून, "म्हणजे माझी तक्रार नाही."

मी गेलो. मामा खुर्चीत बसून खुणांनी रागावत होते. मी कामाचा तापमापक काढला, मामीला नवा चहा करायला लावला, टोपी घातली, आणि तोवर त्यांच्या फ्रिजचं रबर पुसत बसलो. दुपार उलटली. टोपी काढली तर किटलीतून वाफ आली. काटा ओतताना होता तिथेच होता, जरासुद्धा खाली आला नव्हता.

"छान शिवलीय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग मी विचारत सुटलो. चुलतभावाचा लॅपटॉप आईच्या कव्हरमधून काढावा तेव्हा तापलेलाच असायचा आणि बंद पडायचा. तो कंपनीला शिव्या देत होता. शेजारच्या शिक्षिकाबाईंचं मांजर आईने दिलेल्या उशीवर बसलं होतं ते उठतच नव्हतं. बाई त्याला जेवण तिथेच नेऊन देत होत्या. "संन्यास घेतलाय त्याने," त्या म्हणाल्या. मी उशीखाली हात घातला. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ती गरम होती. मांजर तर वर होतं. खालून गरम का असावी?

आता माझ्या धंद्यातली एकच गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं फ्रिज थंडावा तयार करतो. तसं काही नसतं. तो आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. उष्णता कुठेतरी वाढली, तर दुसरीकडे कुठेतरी कमी झालेली असते. यात वशिला चालत नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा भर उन्हाळ्यात आई स्वेटर घालून मशीनवर बसली होती.

"आई, हात दाखव."

"का? ज्योतिषी झालास?"

मी तिचा हात हातात घेतला. दिवसभर बर्फाच्या कप्प्यात हात घालणारा माणूस मी, तरी दचकलो. तापाचा थर्मामीटर लावला, त्याने आकडाच दाखवला नाही. सेल बदलले. स्वतःला लावला, माझा ठीक आला. तिचा नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं उत्तम निघालं. "तुमच्या वयाला याहून चांगलं काय असणार," म्हणाले आणि हस्तांदोलन करून हात टेबलाखाली चोळत बसले.

हे सगळं होत होतं, तेव्हा ताईचं बाळ काचेच्या पेटीत होतं.

माझी मोठी बहीण. तिची मुलगी वेळेच्या फार आधी आली, हातरुमालात मावेल एवढी. दूध पीत होती, रडत होती, पण पेटीतून काढली की गार पडायची. परत पेटीत. असं कितीतरी दिवस. भाऊजी कॉरिडॉरमध्ये उभ्याने झोपायला शिकले होते. मग आईने तिच्यासाठी पिशवी शिवली, मऊ, पिवळी, बाळ मानेपर्यंत आत जाईल अशी. त्या पिशवीत आईचा हात फार वेळ राहिला. मी दोनदा जेवायला हाक मारली, तिने ऐकली नाही.

पिशवीत घातल्यापासून बाळाला पेटी लागली नाही. नर्स म्हणाल्या, आजीच्या हाताला यश आहे. आठवडाभरात बाळ घरी आलं. आणि आई जाड चादर घेऊन शिवायला बसू लागली.

मी मामीकडून टोपी परत आणली. दिलेली भेट परत मागायला माणूस कोडगा लागतो, मी गिऱ्हाइकांकडून पैसे वसूल करणारा, मला जमलं. "आई डिझाइन विसरलीय, बघायला हवंय," म्हणालो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून टाके उसवायच्या आकड्याने फट उघडली. आत साधा कापूस होता. पण फ्रिजच्या मागे हात धरला की लागते, तशी एक झुळूक मनगटावरून गेली. गरम, आणि किंचित साबणाच्या वासाची. आई तोच साबण वापरते.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अरे, पंखा का बंद केलास? उकडतंय मला."

पंखा चालू होता.

पुढचे दिवस मी नात्यागोत्यात बदनाम झालो. लॅपटॉपचं कव्हर आणलं, डब्यांची कव्हरं आणली, काकूकडून तिची आवडती पिशवी आतल्या सामानासकट आणली. शिक्षिकाबाईंकडे उशी आणायला गेलो, तेव्हा मांजराने मला ओरबाडलं आणि बाई त्याच्या बाजूने बोलल्या. एकेक वस्तू उसवत गेलो. आईने आधी चादर सोडली, मग स्वेटर सोडला. थर्मामीटरने एकदा आकडा दाखवला, कमी होता, पण होता. मी त्याचा फोटो काढला. लोक मुलांच्या निकालाचा काढतात तसा.

दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा गेला.

आता एकच वस्तू उरली होती.

मी ताईकडे गेलो तेव्हा ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेही बांधलेले, चेहरा खुशीत.

"ये मामा," ती बाळाच्या वतीने म्हणाली. "रिकाम्या हाताने आलास?"

"हो."

"खिसा रिकामा आहे का?"

मी खिशावर हात ठेवला.

"आईचा फोन आला होता," ताई बाळाकडे बघतच म्हणाली. "म्हणाली, तो येईल. आला की जेवायला घाल आणि खिशातला टाके उसवायचा आकडा काढून घे."

मी आकडा काढून टेबलावर ठेवला. ताईने तो उचलला नाही.

"ताई, तुला माहितीये?"

"मला काही माहिती नाही. मी झोपलेली नाही, मला कुणी काही सांगू नका." मग हळूच, "आई बरी आहे ना?"

"तिचे हात बघितलेस?"

"धरूनच बसले होते बाळंतपणात. तेव्हा अजून ऊब होती त्यांत." तिने बाजूचं धुतलेलं दुपटं ओढून घेतलं. "आता तू सांगशील ते मी करेन. पण आधी हिला घे."

दुपटं बदलायला म्हणून तिने बाळाला पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं. माझ्या तळहातावर तिची पाठ मावत होती. पावलं अंगठ्याएवढी. दुपट्याची घडी घालेपर्यंत ती पावलं गार झाली. मग पोटऱ्या. ओठांचा रंग बदलायला लागला तेव्हा ताई म्हणाली, "झालं बघून?"

मीच तिला पिशवीत घातलं. गुलाबी रंग परत आला.

मी जेवलो. आकडा तिथेच सोडून आलो.

घरी आई पिवळं कापड अंथरून बसली होती. खडूने आखत होती.

"काय करतेस?"

"वाढत्या अंगाचं लेकरू. ती पिशवी किती दिवस पुरणार?"

"आई, पुरे. किती देणार अजून?"

"तू पोटात होतास तेव्हा विचारलं नाहीस, किती देणार ते. आता अक्कल आली." तिने दाताने दोरा तोडला. "तू फ्रिजवाला. तुला सगळ्यात बिघाडच दिसतो. हे कापड धर इकडून."

मी कापड धरलं. तिची बोटं माझ्या बोटांना लागू नयेत एवढी काळजी तिने घेतली.

त्या पिशवीनंतर तिसरी झाली. मग बाळाला पिशवी लागेनाशी झाली. आता ती पाय झाडते, दुलई लाथाडून देते, तापली तरी खणखणीत तापते. आईही ठीक आहे. जेवते, शिवते, टोमणे मारते. तिच्या मांडीवर मांजर बसत नाही आणि तिला डास चावत नाहीत. डासांबद्दल तर मला हेवाच वाटतो.

परवा कडाक्याची थंडी होती. सकाळी ताई आणि भाऊजी मुलीला घेऊन आले. आम्ही सगळे दारातच उभे राहून बोलत होतो, आपल्याकडे आत या म्हणायला वेळ लागतो. ताईच्या तोंडातून वाफ निघत होती. भाऊजींच्या निघत होती. मी हसलो तेव्हा माझी निघाली. मुलीने जांभई दिली, तेव्हा तिचाही छोटासा ढग झाला, आणि सगळ्यांनी कौतुक केलं.

सगळ्यात जास्त आई बोलत होती. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.