डाव्या पंखावरचं नाणं

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत अंधार नाही. स्मशान नाही, अमावस्या नाही, पिंपळ तर त्या वाळवंटात शोधूनही सापडायचा नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं. शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर.

साल १९९९, नोव्हेंबर महिना. जागा आखातातल्या उम्म अल क्वैनच्या पुढची, वाळूतली एक छोटी धावपट्टी. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत.

आणि ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मामा, शौकतमामू. हा माणूस थापा मारत नाही. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते तीच त्याच्याकडे नाही. शारजात एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढण्यात त्याचा जन्म गेला.

पण या सरळसोट माणसाला एक वेड होतं. विमानाचं. आणि ते विकत घ्यायचं नव्हतं, स्वतः बांधायचं होतं.

त्या धावपट्टीच्या कडेला विमानं ठेवायच्या पत्र्याच्या हँगरांची रांग होती आणि प्रत्येकात एकेक असाच वेडा. कुणी केरळचा, कुणी इंग्रज, एक फिलिपिनो. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीला, सगळे जमायचे. याचा पाना त्याच्याकडे, त्याचे रिव्हेट याच्याकडे. कार्ब्युरेटरमध्ये वाळू गेली की चौघे डोकं घालायचे. इंजिनाच्या पेट्रोलपेक्षा करक चहाच जास्त लागायचा.

मामूचा जोडीदार होता जहूरभाई. आमच्याच रत्नागिरीचा. अजमानला फायबरच्या होड्या बनवायच्या कारखान्यात होता आणि राळ-कापडाच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोघांनी मिळून दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. वर्षानुवर्षं सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यात घातला. एका ताटात जेवणारी माणसं होती ती.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

असल्या विमानाचा पंख आतून पोकळ असतो. आतल्या आडव्या तुळईला राळ लावायची आणि वरून फायबरचं कातडं चिकटवून पंख बंद करायचा. एकदा बंद झाला की आत काय झालंय ते डोळ्यांना दिसत नाही. मग ते कानांनी बघायचं. एकाने नाणं घेऊन पंखावर हळूहळू ठोकत जायचं, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं. चिकटलं असेल तिथे 'टक्' असा कडक आवाज येतो. सुटलं असेल तिथे 'थप्प'. तिथे पेन्सिलने गोल काढायचा आणि ती जागा उघडून पुन्हा करायची.

ठोकायचा जहूरभाई, ऐकायचा मामू. जहूरभाईकडे जुनं गोल पन्नास फिल्सचं नाणं होतं. नवी सात कोनांची नाणी आली तरी त्याने ते सोडलं नाही. दोन ठोके, जरा थांबा, दोन ठोके... अशी त्याची चाल होती.

आणि तिथला एक रिवाज होता. दोघांनी मिळून ठोकलेलं पुन्हा कुणी ठोकायचं नाही. ठोकलं तर समोरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं.

उजवा पंख दोघांनी बंद केला. डाव्याच्या वेळी मामू रत्नागिरीला होता, माझ्या धाकट्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या लग्नाला. परत आला तर पंख बंद, वर पांढरा रंगसुद्धा मारलेला.

"एकट्याने केलंस?" मामूने विचारलं.

"अरे, शहनाझला घेऊन आलो होतो," जहूरभाई म्हणाला. शहनाझ म्हणजे त्याची बायको. "मी ठोकलं, तिने ऐकलं. फर्स्ट क्लास बसलाय. टेन्शन नको घेऊ."

मामूने नाही घेतलं. विषय तिथेच संपला.

विमान उडालं. लायसन्स मामूकडे होतं, त्यामुळे सुरुवातीचे सगळे तास त्याने एकट्याने उडवले, तसा नियमच असतो. जहूरभाई खाली उभा राहून टोपी हलवायचा. ते तास संपले तेव्हा शेजारची सीट मोकळी झाली. पहिला मान जोडीदाराचा.

पण जहूरभाईची कधी कंबर धरलेली, कधी गुडघा. कधी म्हणायचा, "वजन कमी करतो, मग बसतो इन्शाल्ला." मामू म्हणाला, तुझ्या पोराला, रुहानला बसवू. तर म्हणाला, "त्याला उंचीची भीती वाटते रे."

त्याच १९९९ च्या जूनमध्ये जहूरभाई गेला. कारखान्यात काम करता करता छातीत कळ आली आणि खलास. मय्यत रत्नागिरीला नेली. मामूही बरोबर गेला. कबरीपाशी तो लहान मुलासारखा रडला, हे मी स्वतः पाहिलंय. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता.

"बिचाऱ्याचं बसायचं राहूनच गेलं."

उन्हाळाभर विमान झाकून होतं. नोव्हेंबरात हवा निवळली, तेव्हा मामूने ठरवलं की ती रिकामी सीट आता एमानला द्यायची. एमान त्याची एकुलती एक लेक. पुढच्या शुक्रवारी तिचा वाढदिवस होता. ती आठवडाभर शाळेत सांगत सुटली होती, "माय डॅड इज टेकिंग मी अप."

त्याआधीच्या शुक्रवारी मामू विमान पुसायला गेला. नमाज पढून परतला तर बाकीची मंडळी जेवायला गेलेली. रांगेत चिटपाखरू नव्हतं. त्याने हँगरचं दार लोटून घेतलं आणि फडकं भिजवलं.

टक्... टक्...

पत्रा तापतोय, मामूला वाटलं.

टक्... टक्...

पत्रा असा मोजून-मापून वाजत नाही. दोन ठोके. जरा थांबा. दोन ठोके.

मामूच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

आवाज डाव्या पंखातून येत होता. मुळापासून टोकाकडे... हळूहळू... कुणीतरी नाणं घेऊन चाललं होतं. पंखाजवळ कुणीच नव्हतं.

तुम्हाला वाटेल मामू पळाला. नाही पळाला. त्याचे डोळे भरून आले. "जहूरभाई?" तो म्हणाला. "सलाम आलेकुम."

आणि सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याने डोळे मिटले. ऐकणं हे त्याचं काम होतं.

टक्, टक्... टक्, टक्... टक्, टक्...

...

...

टक्, टक्.

मामूने डोळे उघडले. मध्ये काहीतरी राहिलं होतं.

आवाज टोकाला पोचला, थांबला आणि पुन्हा मुळापासून सुरू झाला. मामूने पुन्हा डोळे मिटले. पंखाच्या मध्यापाशी आला... आणि गप्प. एक हातभर जागा ओलांडली... आणि मग पुन्हा टक्, टक्.

तिसऱ्या खेपेलाही तेच. तीच जागा.

मग सगळं शांत झालं. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला तेवढाच आवाज.

मामूने खिशातलं नाणं काढलं, त्या जागी टेकवलं. रिवाज मोडायचा होता, आणि तोही मेलेल्या मित्राशी.

त्याने ठोकलं.

थप्प.

शेजारच्या हँगरमधला संजय जेवून परतला, तेव्हा मामू पंखावरचा रंग घासत बसला होता. संजय अबू धाबीहून यायचा, आपला मराठी माणूस. त्याने विचारलं, "शौकतभाई, काय करताय? नेक्स्ट वीक फ्लाइट आहे ना?"

मामूने नुसतं बोट दाखवलं.

रंगाखाली पेन्सिलची रेघ होती. एक गोल. सुरुवातीला जाड, शेवटी बारीक, जहूरभाई काढायचा तसा.

दोघांनी त्या गोलाच्या भोवतीचा चौकोन कापून काढला. आत राळ होती, पण कातडं टेकायच्या आधीच सुकलेली. वर काच झालेली. कातडं आणि तुळई यांच्यात बोट जाईल एवढी फट, आणि ती दोन्ही बाजूंना लांबवर गेलेली.

संजयने फटीत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "एक मोठा धक्का बसला असता ना शौकतभाई, तर पंख वरच राहिला असता आणि तुम्ही खाली."

मामूच्या डोळ्यांसमोर शेजारची सीट आली. तीत एमान.

त्याच संध्याकाळी तो शारजात रोल्लाला जहूरभाईच्या घरी गेला. शहनाझभाभींनी दार उघडलं. मामूने कापलेला तुकडा टेबलावर ठेवला. गोल वरच्या बाजूला.

भाभींनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"मी ऐकलं होतं, भाईजान," त्या म्हणाल्या. "एसी ट्रिप झाला होता त्या दिवशी. गर्मीत राळ पटकन सुकली. दुसऱ्या दिवशी ठोकलं तेव्हा मी बोलले त्यांना, इथे वेगळं वाजतंय. त्यांनी गोल काढला. मग बसून राहिले. मग रंगाचा डबा उघडला."

"का?"

"बोलले, पूर्ण विंग फेकावं लागेल. सगळी लाइन हसेल, की होडीवाल्या जहूरला पंख चिकटवता नाही आला. बोलले, शौकतला सांगू नको. उडून उडून काही नाही झालं तर समजायचं ठीक आहे."

"आणि रुहानची भीती?"

भाभींनी मान खाली घातली. "त्याला कसली भीती? तो रोज मागे लागायचा. हेच नाही म्हणायचे."

"भाभी," मामू म्हणाला, "मी दर शुक्रवारी वर जात होतो. तुम्ही खाली माझ्या मरियमबरोबर बसून चहा पीत होता."

"दर वेळी दुआ पढत होते मी. अल्लाहची शपथ."

"दुआ कशाला, भाभी? एक फोन करायचा होता."

तो तुकडा उचलून निघाला. त्या घराची पायरी त्याने पुन्हा चढली नाही.

विमान पुन्हा उडालं नाही. एमानचा वाढदिवस दुबईत ऊद मेथाच्या एका हॉटेलात केक कापून झाला. ती बापाशी आठवडाभर बोलली नाही. तिला खरं कारण सांगायचं कसं? ज्या जहूरचाचाच्या खांद्यावर बसून ती मोठी झाली, त्याने केसाने गळा कापला म्हणून?

मरियममामीने समजूत घातली. "मरून का होईना, इशारा द्यायला आला ना तो? लेक वाचली आपली. माफ करा आता."

मामू तेव्हा पहिल्यांदा तिच्यावर चिडला.

"इशारा द्यायला आला असता तर त्याने तिथेच ठोकलं असतं," तो म्हणाला. "ती जागा सोडून का ठोकलं? मरियम, तो मला वाचवायला नव्हता आला. मेल्यावरसुद्धा तो लपवत होता. गाळलेली जागाही मला ऐकू येते हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच."

हे सगळं मला २००३ मध्ये मामूकडून कळलं. मी नोकरी शोधायला व्हिजिट व्हिसावर शारजाला गेलो होतो आणि मामूकडेच उतरलो होतो. विमान कधीच मोडीत गेलं होतं. तो चौकोनी तुकडा मात्र बाल्कनीत ठेवला होता, भिंतीला टेकवून.

मी म्हटलं, "फेकून द्या ना मामू."

"राहू दे," तो म्हणाला.

पहिल्याच शुक्रवारी मला कारण कळलं. नमाज पढून आलो, जेवलो. मामी आत झोपली होती, एमान क्लासला गेली होती. आम्ही दोघे हॉलमध्ये क्रिकेट बघत होतो. मामूने एकाएकी टीव्हीचा आवाज बंद केला.

बाल्कनीचं दार बंद होतं. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. वाळत घातलेले कपडे, बादली, तो तुकडा. ऊन लख्ख पडलेलं.

टक्... टक्...

मी मामूकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते.

टक्... टक्...

तुकड्याच्या एका कडेपासून आवाज आत सरकत होता. गोलाच्या रेघेपर्यंत आला... आणि थांबला.

मामू डोळे न उघडता बोलला. आवाज चढवून नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"जहूरभाई, एकदाच तिथे ठोक. मी माफ करतो तुला."

बाल्कनीत काहीच हललं नाही. कपडेसुद्धा नाहीत. मला वाटलं, आता वाजेल... आता वाजेल...

...

टक्, टक्.

गोलाच्या पलीकडून.

मामूने डोळे उघडले. "दर शुक्रवारी सांगतो मी त्याला," तो मला म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू केला.