हिरव्या शाईतला भोपळा

मी त्याच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले ती भांडायलाच!

पेपर तपासणीचा हॉल. दुपारची वेळ, खिडकीतून पावसाचे शिंतोडे गठ्ठ्यांवर येत होते. मी लाल शाईत तीनपैकी तीन मार्क दिले होते. मॉडरेटरने, म्हणजे आमचे पेपर पुन्हा तपासणाऱ्याने, ते खोडून हिरव्या शाईत भोपळा काढला होता. छत्तीसचे तेहतीस झाले. पास व्हायला लागतात पस्तीस!

“हे तुम्ही केलंत?” मी पेपर त्याच्यापुढे आपटला.

त्याने मान वर केली. डोळे छान होते. त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं.

“फॉस्फरसचा ऑक्साइड आहे, मॅडम. नमुना उत्तरात P₄O₁₀ आहे, इथे P₂O₅ लिहिलंय.”

“प्रश्नात एम्पिरिकल फॉर्म्युला विचारलाय ना? म्हणजे सगळ्यात साधं प्रमाण! आणि हे वरचं उत्तर बघा. अ‍ॅल्युमिनियम तीन इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजन दोन घेतो, कुणाचा कोणता आयन होणार ते सगळं बरोबर. ज्याला एवढं कळतं त्याला तुम्ही नापास करणार?”

“पण नमुना उत्तरात...”

“नमुना उत्तर म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ?”

त्याने निमूटपणे कागद ओढून प्रश्नात दिलेल्या टक्केवारीला अणुभाराने भागलं. “एकास... अडीच.”

“म्हणजे दोनास पाच,” आम्ही एकदमच म्हणालो. त्याचे कान लाल झाले.

“कुठल्या गाढवाने केलंय हे नमुना उत्तर?”

“...मी.”

मी जीभ चावली. पण क्षणभरच.

“मग आता काय करणार? झाकून ठेवणार?”

“सांगितलं तर तपासलेले सगळे गठ्ठे पुन्हा उघडावे लागतील. माझं हे काम जाईल.” तो पेपरकडे बघत राहिला. मग उठला आणि तडक तपासणीच्या प्रमुख असलेल्या चीफ बाईंच्या टेबलाशी गेला. “चूक माझी आहे,” हे अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

मग काय! गठ्ठे पुन्हा सुटले आणि टोमण्यांना ऊत आला. चहाला कुणी त्याच्या बाजूला बसेना. मला इतका संताप आला! चूक झाकणारे शंभर भेटतात, कबूल करणारा एक भेटला तर त्याला हे असं वागवायचं? मी माझा कप उचलला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूच्या खुर्चीत तोच. हातात लाल पेन.

“हिरवं काढून घेतलं,” तो म्हणाला. “पण तो पेपर छत्तीसवर आहे.”

“बरं झालं.”

“एक सांगू? तुमचे गठ्ठे मी दोन-दोनदा बघायचो. समासातले शेरे वाचायला... ‘अडीच म्हणजे अडीच, तीन नव्हे!’ ‘अरे देवा, ऑक्सिजनने काय घोडं मारलंय तुझं?’ वाचायचो आणि एकटाच हसायचो. आठवडाभर रोज वाटायचं, ही बाई आपल्याला...”

“आठवडाभर? आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत?”

“तुम्ही चिडाल असं वाटलं.”

“मी आत्ता चिडलेय! आणि अर्धवट उत्तराला मी मार्क देत नाही. पूर्ण करा वाक्य.”

त्याने पूर्ण केलं — हळू आवाजात, माझ्याकडे बघत. मी त्याच्यासमोरच्या कोऱ्या कागदावर तीनपैकी तीन दिले. शेजारी लिहिलं, ‘उत्तर बरोबर. उशीर अक्षम्य.’