गिंकोखालचा बाक

खरं वाटो न वाटो, सांगते. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नव्हे. मिशिगनमधल्या या सार्वजनिक बागेत अर्धी हयात गेली माझी. भुतांपेक्षा हरणांनी जास्त छळलंय मला.

आदल्या रात्री थंडीचा पहिला कडाका पडून गेला होता. अशा सकाळी कामांना अंत नसतो. काळे पडलेले डेलिया कापून त्यांचे कंद काढायचे, नळांतलं पाणी सोडून द्यायचं. मेपल लाल होऊन झडत आलेले असतात. गिंकोच्या झाडाची तऱ्हा मात्र न्यारी. तो पिवळाधमक होऊन उभा राहतो आणि पहिल्या कडाक्यानंतर एकाच सकाळी सगळी पानं टाकून मोकळा होतो. त्या दिवशी त्याच्याखाली दाताळं लावायचं नाही, हा आमचा रिवाज. लोक तो सडा बघायला येतात.

त्या सकाळी माझ्या जोडीची माळीण, व्हर्ना, दिसेना. तिचा नवरा ऑरिनही आमच्यातलाच; मागच्या हिवाळ्यात याच गिंकोची फांदी छाटताना शिडीवरून पडला आणि गेला. तेव्हापासून बाईच्या पोटात धड अन्न जात नव्हतं. ही त्याच्या मागोमाग जाते की काय, याची मला धास्ती होती. हातातलं काम टाकून मी निघाले.

वारा अजिबात नव्हता. तरी पानं पडत होती, टप टप, एकसारखी. खाली पडलेल्या गिंकोच्या सडक्या फळांचा उग्र वास सुटला होता. व्हर्ना झाडाखालच्या बाकावर बसली होती, डोक्याखांद्यावर पानं घेऊन. तिच्या शेजारची माणूसभर जागा तेवढी कोरी होती. वरून येणारं पान तिथे अधांतरी टेकायचं, आणि कुणाच्या खांद्यावरून ओघळावं तसं बाजूला पडायचं.

मी दोन पावलं अलीकडेच थांबले, खोटं कशाला बोलू?

"व्हर्ना, ऊठ," मी हळूच म्हटलं.

"थांब गं... थोडीच राहिलीत."

"काय थोडी?"

"पानं... झाड रिकामं झालं की निघू, म्हणतोय."

मी वर पाहिलं. फांद्या जवळजवळ उघड्या पडल्या होत्या. मी सरळ तिच्या दंडाला धरलं आणि उठवलं. ती माझ्याबरोबर चालू लागली. मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला: कॉफी पी आधी, मग कंद काढ, ते काय तुझा बाप येऊन काढणार आहे? ती किंचित हसली. माझा जीव भांड्यात पडला.

वळणावर मागे पाहिलं. शेवटची पानं पडत होती. बाकावर आता दोन जागा कोऱ्या होत्या, अगदी खेटून, आणि दोन्हींवरून पानं ओघळत होती.

मी तिचा दंड सोडला नाही. अवजारांच्या शेडकडची पायवाट मेपलच्या गोठलेल्या पानांनी भरली होती. पावलागणिक पानं कुरकुरत होती... फक्त माझ्या बुटांखाली.